मान खाली घालून पाहिलेलं लेच्चे

अवी, नाक जमलं तुझं. कपाळ जमलं, डाव्या भुवईवरची ती लहानपणची खोक जमली, हसताना एकाच गालाला पडायची ती खळीसुद्धा जमली. कान जरा मोठे झालेत, पण ते तुझे होतेच मोठे, त्याला मी काय करू! अडलंय ते डोळ्यांपाशी. शारजात, रोल्लातल्या आमच्या हॉलमध्ये, टीपॉयवर, ओल्या फडक्याखाली तू बसलायस. फडकं उचललं की मातीतल्या दोन कोऱ्या खोबण्या दिसतात, आणि मी फडकं परत टाकतो. आठवडा झाला हेच चाललंय.

हे काम मी आपणहून घेतलेलं नाही. तू गेलास तेव्हा जो तो आपापल्या परीने काहीतरी करत होता. माझ्या वैशालीने बहिणीचं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. तुझ्या टाइल्सच्या कंपनीतल्या मल्याळी मंडळींनी हॉस्पिटल, स्मशान, सगळी धावपळ अंगावर घेतली. मी काय केलं? तुमच्या दारातल्या चपला सरळ लावत उभा राहिलो. तुझी रेवा येऊन म्हणाली, "काका, आर यू ओके? सिट डाउन ना." बाप तिचा गेलेला, आणि विचारपूस माझी. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

मग एक दिवस माधुरीताई जवळ आल्या. "हरीशराव, तुम्ही मूर्तिकार आहात. ह्यांचा एक चेहरा करून द्या मला. फोटोला हार घालून रोज बघायचं हे काही माझ्याच्याने होणार नाही. आणि फोटोत तरी काय, जिथे तिथे गॉगल!"

खरंच आहे. तू आणि तुझा तो गॉगल! बारशात गॉगल, साखरपुड्यात गॉगल, रेवाच्या शाळेच्या गॅदरिंगला अंधाऱ्या हॉलमध्येसुद्धा नाकावर. आणि जिथे गॉगल नाही तिथे तू इतका हसतोयस की डोळ्यांच्या नुसत्या चिरा. मी सगळ्यांचे फोन मागून बघितले. एकाही फोटोत तुझे डोळे नाहीत.

घाई अशासाठी की व्हिसा तुझ्या नावावर होता. तू नाहीस म्हटल्यावर त्या दोघींनाही इथं राहता येत नाही. पुढच्या शुक्रवारी त्या निघतात, पुण्याला, कायमच्या. पेणचे गणपती बोटीत बसून इकडे येतात, आणि तू उलटा जाणार, शारजाहून पुण्याला, खोक्यात, बबल रॅप गुंडाळून. शुक्रवारच्या आत डोळे व्हायला हवेत. नाहीतर बिनडोळ्यांचा नवरा मी त्या बाईच्या हातात कसा देऊ?

एसी लावला की माती तडकते, म्हणून एसी बंद. ऑगस्टमध्ये, शारजात! वैशाली पदराने वारा घेत म्हणते, "भाऊजी असते ना, तर म्हणाले असते, चला, पेणकराने माझ्यासाठी घाम गाळला एकदाचा." आणि तशीच रडते. मी रडत नाही. मला लाज वाटते. साडू आपण, सख्ख्या बहिणींचे नवरे, किती वर्षं एका पंगतीला जेवलो, तुझ्या पायाच्या अंगठ्याचं नखसुद्धा मी न बघता घडवीन. आणि तुझे डोळे कसे होते ते मला आठवत नाही. कारण मी तुझ्याकडे कधी नीट बघितलंच नाही रे. तुझ्यासमोर माझी मान कायम खाली.

आता ही मान खाली का, ते तुला कितपत माहीत होतं हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. म्हणून सांगतो.

माझ्या लग्नात तू थोरला जावई म्हणून मिरवत होतास. दुसऱ्या दिवशी पेणला आमच्या कारखान्यात आलास, ओळीने मांडलेले पांढरे गणपती बघितलेस, आणि मी एकाची सोंड तासत होतो ते उभा राहून बघत बसलास. मग म्हणालास, "अरे, हे दुबईत विकलं जाईल." मी म्हटलं, "गणपती?" "गणपती नाही रे बाबा. हात. तुझे हात!" पुण्याची माणसं असंच काहीतरी बोलतात असं म्हणून मी सोडून दिलं. वर्षाच्या आत तू मला दुबईला, अल क्वोजच्या शेडमध्ये आणून उभं केलंस, आणि सगळ्यांना ओळख करून दिलीस, "धिस इज पेणकर." माझं आडनाव पेणकर नाही हे तिथं आजही कुणाला ठाऊक नाही.

ते दिवसच तसे होते. आपण व्हिलांना तोंडं लावायचो, म्हणजे दर्शनी बाजूची सगळी नक्षी. तू ऑर्डर आणायचास, मी मातीत नमुना घडवायचो, त्यावरून रबराचा साचा, साच्यात काचेचे धागे घातलेलं सिमेंट, की झाला खांब, झाली कमान, झाला सिंह. कुणाला ग्रीक हवं, कुणाला मोरोक्कन. तू गिऱ्हाइकाला म्हणायचास, "हबीबी, यू टेल मी द कंट्री."

मग ते रिसॉर्टचं काम आलं. एका बिल्डरला रास अल खैमाच्या समुद्रावर हॉटेल बांधायचं होतं, आणि त्याचं तोंड हुबेहूब इटलीतल्या लेच्चे नावाच्या गावातल्या चर्चसारखं हवं होतं. बायकोबरोबर सुट्टीला गेला होता म्हणे, गाव आवडलं, घेऊन आला. म्हणजे फोटो घेऊन आला. दक्षिणेकडे, इटलीच्या बुटाच्या टाचेशी असलेलं गाव, सगळं बरोक, म्हणजे जिथे रिकामी जागा दिसेल तिथे नक्षी. फोटोत सज्जाखाली गुबगुबीत देवदूतांची रांग होती. मी मातीत एक घडवला. पोट, पंख, कुरळे केस. सगळं झाल्यावर हाताने शेवटी जे करायचं ते केलं.

आमच्याकडे मूर्तीला सगळ्यात शेवटी डोळे देतात. आखणी म्हणतात त्याला. आखणी घरातल्या थोरल्या हाताने करायची, आमच्या घरी आबांच्या, श्वास धरून, आणि ती झाल्याशिवाय मूर्ती दाराबाहेर जात नाही. हे मला कुणी शिकवलेलं नाही, ते हातातच आहे. फोटोतल्या देवदूतांचे डोळे कोरे होते, नुसता दगडाचा उंचवटा. मला ते दिसलंच नाही. रंग द्यायचा नव्हता म्हणून कोरणीने बुबुळं कोरली, वरच्या पापणीला बाक दिला, कोपरे कानाकडे लांबवले. साचा निघाला, साच्यातून रांगच्या रांग देवदूत निघाले, ट्रकात बसून रास अल खैमाला गेले आणि भिंतीवर चढले. कन्सल्टंटचा गोरा साइटवर आला, मुंबईत नोकरी केलेला होता तो. वर बघितलं आणि हसत सुटला. "व्हाय आर दे ऑल गणेशा?"

पेणच्या माणसानेच करावी अशी चूक. दुसरा कोण करणार!

शेडच्या मालकाने केबिनमध्ये बोलावलं. "ये किसने किया?" मी तोंड उघडणार, तेवढ्यात तू माझ्यापुढे येऊन उभा. "सर, मैंने बोला था. क्लायंट को एक्सप्रेशन चाहिए था." मी म्हटलं, "नहीं सर, गलती मेरी है, इसको कुछ मालूम नहीं." अगदी मोठ्याने म्हटलं, अवी, तू ऐकलंस. मालक माझ्याकडे बघून म्हणाला, "रिश्तेदार को मत बचाओ. खलास, जाओ काम करो." म्हणजे खरं बोललो मी, आणि खोटा ठरलो मीच. बाहेर आल्यावर तुला म्हटलं, "हे काय होतं?" तर म्हणालास, "चहा घेऊ या का?"

आणि पुढं महिना-दोन महिन्यांत सगळंच कोसळलं. बँका तिकडे अमेरिकेत बुडाल्या आणि इकडे क्रेन जिथल्या तिथे थांबल्या. रिसॉर्ट अर्ध्यावर बंद, बिल्डर गायब. शेडमध्ये कपात सुरू झाली. ज्याच्या नावावर आधीच एक चूक लागलेली, त्याचं नाव पहिलं. तू गेलास आणि मी राहिलो. सामान उचलायला आलास तेव्हा म्हणालास, "बरं झालं यार, मला टार्गेटचा कंटाळाच आला होता."

राग आला होता मला तुझा. अजून येतो. कुणी सांगितलं होतं तुला मध्ये पडायला? मी काय कुक्कुलं बाळ होतो? माझी चूक होती, माझी मला निस्तरू द्यायची होतीस. पेणला परत गेलो असतो, गणपती केले असते, ताठ मानेने. तू मला वाचवलंस आणि जन्माचा मिंधा करून ठेवलंस.

मग माधुरीताई रेवाला घेऊन पुण्याला गेल्या आणि तू आमच्या हॉलमध्ये राहायला आलास, नोकरी मिळेपर्यंत. वैशाली खूश. तू सकाळी पोहे करायचास, ती म्हणायची शेंगदाणे जास्त झाले, तू म्हणायचास पुण्यात असेच करतात, ती म्हणायची आम्हीही पुण्याच्याच आहोत हो भाऊजी. मी त्या हसण्यात नसायचो. माझ्या बुटांचा कप्पा तुझ्या उशाशी होता. कामावर जायच्या वेळी मी वाकून बूट घ्यायचो, आणि जागा असूनही तू भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचास, मला अवघडायला नको म्हणून. तेवढंही तुला कळायचं! माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. जेवताना मी ताटात बघायचो. चटणी हवी असली तरी ताटाशीच बोलायचो.

पुढं तुला रास अल खैमात टाइल्सच्या कंपनीत काम मिळालं, त्या दोघी परत आल्या, तुमचं बिऱ्हाड तिकडे झालं. मी सुटकेचा श्वास टाकला, आणि त्याचीही लाज वाटली. पण तुझ्या ऑफिसच्या रस्त्यावरच तो अर्धवट रिसॉर्ट. मग तुझे फोटो यायला लागले. देवदूतांच्या मांडीत वाळू साठलीय, एकाच्या डोक्यावर कबुतर बसलंय, आणि खाली तुझी ओळ: "पेणकर, तुझी पोरं ठणठणीत आहेत. माझ्याकडेच बघत होती." मी फोटो पुसून टाकायचो. एकदा तर उत्तर पाठवलं, "थट्टा पुरे." तू दोन दिवस गप्प. तिसऱ्या दिवशी परत फोटो.

आणि काही वर्षांनी तू मला लेच्चेला नेलंस.

कंपनी तुला उत्तर इटलीत टाइल्सच्या प्रदर्शनाला पाठवत होती. तू पुढे रजा जोडलीस आणि फोन केलास, "चल. आपण ज्याची कॉपी मारली ते ओरिजिनल तरी बघून येऊ." मी नाही म्हणू शकलो नाही. तुला कुठल्या तोंडाने नाही म्हणणार होतो? तुझी उठाठेव संपायची नाही आणि माझं ऋण फिटायचं नाही, असं वैशालीजवळ म्हणालो. ती म्हणाली, "अहो, भाऊजी फिरायला बोलावतायत, फाशी द्यायला नाही." आणि दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली.

ट्रेनने जवळजवळ अख्खा देश उतरलो. तू समोरच्या इटालियन आजीबाईंना दशमी खायला घातलीस. त्यांनी तुला एक संत्रं दिलं, ते तू अर्धं मला दिलंस. गावात पोहोचलो ते दुपारी, आणि सगळी दुकानं बंद! शटर खाली, रस्त्यावर चिटपाखरू नाही. तू रस्त्याच्या मधोमध थांबून हात पसरलेस. "बघ! याला म्हणतात सुसंस्कृत गाव. एक ते चार बंद. मी घरी आलो, पेणकर!"

मला हसू आलं होतं, अवी. मी दाबलं. का दाबलं कुणास ठाऊक.

तो दगड काय रंगाचा होता! पुरणात गूळ पडल्यावर येतो ना, तो रंग. सगळं गावच त्या रंगाचं. घरं, देवळं, खिडक्यांच्या चौकटी, साध्या शिंप्याच्या दाराच्या वरसुद्धा पानंफुलं. हे मी पहिल्या पाच मिनिटांत, चोरट्या नजरेने पाहिलेलं. त्यानंतर मी मान खाली घातली. माणसं लेच्चेला जातात ती मान मोडेपर्यंत वर बघायला, आणि मी फरसबंदी बघत चाललो. कुठल्या गल्लीतली फरशी गुळगुळीत आहे आणि कुठल्या गल्लीत दोन फरश्यांमध्ये गवत आलंय, ते विचार मला. तू पुढे चालत होतास आणि दर कोपऱ्यावर ओरडत होतास, "अरे, एवढ्या लांब आलो, वर बघ की! वर बघ, पेणकर!"

चर्चपुढे तू माझा दंडच धरलास. मग बघावंच लागलं. हातभर जागा रिकामी नाही. फळं, पशू, पक्षी, सज्जा खांद्यावर तोलून धरलेली वाकलेली माणसं, आणि वर ते, आपले. आपले कसले, त्यांचे. पावसापाण्याने नाकं झिजलेली, गाल गुळगुळीत झालेले, डोळे कोरे. मला एका क्षणात कळलं आपण काय केलं होतं ते. आपण फोटोवरून केलं होतं, म्हणून आपले देवदूत फोटोसारखे झाले होते. पुढून बरे, बाजूने चपटे. ह्यांच्या पाठीमागे अंधार होता. ह्यांना वजन होतं. आणि आपण हे समुद्रकाठच्या हॉटेलला चिकटवायला निघालो होतो, वरून डोळे कोरून! माझे कान तापले. मान आपोआप खाली गेली.

आणि तू? तू भर चौकात, मराठीत, घसा फोडून, "तुझे जास्त चांगलेत रे! ह्यांना बिचाऱ्यांना दिसतच नाही!"

"हळू बोल."

"का? इथं कुणाला कळतंय?"

"मला कळतंय ना!"

तू गॉगल लावलास आणि पुढे झालास.

मागच्या गल्लीत तू उगाचच एका दारात डोकावलास. आत कागदाच्या लगद्याचे संत. तिथं तोही धंदा आहे जुना. तार, गवत, त्यावर कागद आणि खळ. पेणच्या आमच्या आळीत असल्यासारखा वास आला, तोच खळीचा, जरा आंबूस. मी दारातच थबकलो. चष्मा नाकावर उतरलेली एक बाई खुर्चीत बसून एका संताचे डोळे रंगवत होती. श्वास धरून. बारीक कुंचला, करंगळी गालावर टेकलेली, अगदी आमच्या आबांची टेकायची तशी. मी तिथंच उभा राहून नकळत माझाही श्वास धरला.

तिने श्वास सोडला, आणि तू लगेच खिशातून फोन काढून पुढे! "माय ब्रदर. सेम जॉब! एलिफंट गॉड!" आधी गणपती दाखवलास. ती मान डोलावून हसली. मग तू रास अल खैमाचे देवदूत दाखवलेस. मी तुझी कॉलर ओढत होतो, "अवी, नको. अवी, चल इथून." तिने चष्मा वर केला, फोन जवळ घेतला, बोटांनी फोटो मोठा करून डोळे बघितले, मग माझ्याकडे बघितलं, आणि बरंच काहीतरी बोलली. लांबलचक, हातवारे करून. आपल्याला एक अक्षर कळलं नाही. रस्त्यावर येऊन मी विचारलं, "काय म्हणाली?" तू बेधडक म्हणालास, "म्हणाली, डोळे एक नंबर आहेत."

"खोटारड्या."

"बरं, तू सांग मग काय म्हणाली!"

मला काय माहीत! शिव्याही दिल्या असतील. अजून कधीमधी मी त्या बाईचे हातवारे आठवून अर्थ लावत बसतो.

संध्याकाळी चौकातल्या पायऱ्यांवर बसलो. बर्फात ओतलेली कॉफी, वर बदामाचं दूध. तू ओठ चाटून आधी तिच्या किमतीचे दिरहम केलेस, मग रुपये केलेस, मग म्हणालास, "पण वर्थ आहे." उन्हं उतरली होती आणि दगड पेटल्यासारखा झाला होता. सगळी गर्दी वर बघत होती. मी कॉफीच्या ग्लासात बघत विचारलं, इतक्या वर्षांचं, एकदाच, "तेव्हा केबिनमध्ये का मध्ये पडलास?"

तू म्हणालास, "झालं, सुरू झाला."

"सांग ना. उपकार करायची खाज होती?"

मी हा शब्द वापरला, अवी. खाज. तो शब्द तोंडातून गेला आणि मला परत घेता आला नाही.

तू ग्लास खाली ठेवलास. "उपकार कसला? माझा स्वार्थ होता. तुला काढलं असतं तर तू पेणला गेला असतास, आणि पेणचा माणूस एकदा गेला की परत येत नाही. मग मला इथं कोण होतं? ऑफिसात सगळे सर-सर करणारे. घरी बायको-पोर. भांडायला कोण होतं मला?"

"खोटं बोलतोस. मला बरं वाटावं म्हणून बोलतोस."

"नाही रे."

"तू नेहमी असंच करतोस."

तेव्हा तू गॉगल काढलास. हे मला आत्ता लिहिता लिहिता आठवतंय, खरंच आत्ता. तू गॉगल काढून शर्टाच्या खिशात घातलास, दोन बोटं माझ्या हनुवटीखाली लावलीस, लहान मुलाला लावतात तशी, आणि म्हणालास, "वर बघ, पेणकर." मला वाटलं चर्चकडे बघ म्हणतोयस. मी बघितलं, तर मध्ये तू होतास.

हसत नव्हतास. थकलेले होते तुझे डोळे. खालच्या पापण्या जरा सुजलेल्या, उजवा डोळा डाव्याहून किंचित लहान, आणि त्यात एक वाट बघणं होतं. दार वाजवून, आत माणूस आहे हे ठाऊक असून, उघडायची वाट बघत कुणी उभं असावं तसं. तू किती वर्षं तसा उभा होतास? मी नजर काढून घेतली. म्हटलं, "चल, उशीर होतोय." तू गॉगल लावलास, आणि परतीच्या अख्ख्या प्रवासात माझ्या डोक्यावरून खिडकीबाहेर बघत टाइल्सच्या गोष्टी सांगत राहिलास.

आपलं भांडण तिथंच राहिलं. तू खरं बोलत होतास की मला बरं वाटावं म्हणून बोलत होतास, ते मी पुन्हा विचारलं नाही, तू पुन्हा सांगितलं नाहीस. मी आपला ऋण, ऋण करत बसलो. तू माणूस मागत होतास, आणि मी तुला कर्जदार देत राहिलो. किती क्षुद्र माणूस आहे रे मी! आणि त्या क्षुद्र माणसाला तू दर आठवड्याला पोरांचे फोटो पाठवत राहिलास.

इथंवर लिहून काल उठलो. फडकं काढलं. मातीवर पाण्याचा हात फिरवला. कोरणी धुतली. आबा धरायचे तसा श्वास धरला आणि आधी उजवा केला, किंचित लहान. मग डावा. खालच्या पापण्यांना जरा सूज दिली. वैशाली चहा घेऊन आली होती, ती कप हातात घेऊन तशीच उभी राहिली. कोपरे लांबवले नाहीत, अवी. ह्या वेळी हाताने स्वतःच्या मनाचं काही केलं नाही.

आज दुपारी माधुरीताई आणि रेवा आल्या. मी फडकं काढलं आणि सवयीने टीपॉयच्या पायाकडे बघत उभा राहिलो. रेवा आधी बोलली. "ओह माय गॉड. काका, दॅट्स हिम." तिचा आवाज फुटला आणि ती वैशालीकडे वळली. माधुरीताई वाकून बघतच राहिल्या. मला वाटलं चुकलं. म्हटलं, "डोळे बरोबर नसतील तर सांगा, माती अजून ओली आहे."

त्या म्हणाल्या, "नाही हो. हे अगदी असेच बघत बसायचे तुमच्याकडे. तुम्ही आमच्याकडे आलात की ताटात बघून जेवायचात ना, तेव्हा. मी म्हणायचे, अहो जेवा, गार होतंय."

मग मी मान वर केली. हनुवटीला कुणी बोट न लावता. तू बघतच होतास.